ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेली जंगले आणि प्राचीन पर्यावरणाचा शोध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबई ही दोन्ही शहरे लाव्हाच्या थरांवर वसलेली आहेत. येऊरचे डोंगर, पारसिकची रांग, खारघरचे कडे हे सगळे ज्वालामुखीजन्य खडक आहेत. म्हणूनच या भागातल्या भूशास्त्राच्या कार्यक्रमांत आणि डोंगरफेऱ्यांत तेच तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरे एकत्र मिळावीत यासाठी हे पान लिहिले आहे. यातले बहुतेक मुद्दे एका गोष्टीपाशी येऊन थांबतात. गाडल्या गेलेल्या जंगलाचे खरे मोल त्यातल्या लाकडापेक्षा प्रत्येक खोड, पान आणि बी ज्या जागी आहे त्या जागेत असते, आणि ती जागा एकदा विस्कटली की तिच्यातली माहिती परत मिळत नाही.

ज्वालामुखीच्या उद्रेकात जंगल जळून खाक होते, मग ते टिकते कसे?

उद्रेकातून काय बाहेर पडते आणि जंगल ज्वालामुखीच्या तोंडापासून किती दूर आहे, यावर ते अवलंबून असते. वाहता बेसाल्टी लाव्हा सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअस इतका तापलेला असल्यामुळे त्याच्या वाटेतले झाड बहुधा जळून जाते. फार तर खोडाभोवती थिजलेल्या लाव्हात त्याचा पोकळ साचा उरतो. हवाई बेटांवर किलाउएआ ज्वालामुखीच्या १७९० सालच्या लाव्हाने असे साचे मागे ठेवले असून ते आजही उभे आहेत. राखेचे तसे नाही. उंच उडालेली बारीक राख वाऱ्याबरोबर दूर जाते, खाली येईपर्यंत थंड होते आणि काही तासांत किंवा दिवसांत पानांसह, फांद्यांसह, जमिनीवरच्या पाचोळ्यासह सगळे झाकून टाकते. राखेखाली हवा फारशी पोहोचत नसल्याने कुजण्याची क्रिया मंदावते.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी दोन प्रकार येतात. पहिला म्हणजे तप्त राख, वायू आणि दगड यांचा उतारावरून प्रचंड वेगाने धावणारा लोट. याचे तापमान कित्येकशे अंश असू शकते आणि त्यात लाकडाचा कोळसा होतो. मात्र कोळशातही पेशींची रचना उत्तम टिकते, आणि कोळशाचा पृष्ठभाग प्रकाश किती परावर्तित करतो हे मोजून लोट किती तापलेला होता याचा अंदाज बांधता येतो. दुसरा म्हणजे राख आणि पाणी मिसळून तयार होणारा चिखललोट, ज्याला इंडोनेशियातल्या शब्दावरून लाहार म्हणतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फ्लोरिसंट येथे रेडवूड जातीच्या महावृक्षांचे सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचे बुंधे अशाच चिखललोटामुळे टिकले.

इतर जीवाश्मांपेक्षा या जंगलांना एवढे महत्त्व का?

वनस्पतींचे बहुतेक जीवाश्म नदीने वाहून आणलेल्या अवशेषांचे असतात. डोंगरावरचे लाकूड, काठावरची पाने आणि मैलोगणती लांबून आलेले परागकण एकाच गाळात येऊन पडतात, आणि शेकडो वर्षांच्या अंतराने मेलेल्या वनस्पती एकाच थरात शेजारी दिसतात. तमिळनाडूतल्या तिरुवक्करै येथील अश्मीभूत ओंडक्यांना मुळे आणि फांद्या नाहीत, कारण ते दुसरीकडून वाहत आले आहेत. अशा ठिकाणी वनस्पतींची यादी करता येते, पण कोणते झाड कोणाच्या सावलीत वाढत होते हे सांगता येत नाही.

राखेने जागच्या जागी झाकलेल्या जंगलात हेच सांगता येते. दोन खोडांमधले अंतर, उंच झाडांखालची झुडपे, खोडावर चढलेली वेल, पाणथळ भागात एक जात आणि चार मीटरवरच्या उंचवट्यावर दुसरी, हे सारे मोजून नकाशावर मांडता येते. वनस्पतिशास्त्रज्ञ आजच्या जंगलात चौकोन आखून झाडे मोजतात, तीच पद्धत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जंगलाला लावण्याची संधी फक्त इथेच मिळते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण कोणते?

माझ्या मते चीनच्या इनर मंगोलिया प्रांतातले वूडा. तिथल्या कोळसाक्षेत्रात सुमारे २९ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचे एक दलदलीचे जंगल राखेच्या थराखाली सापडले. आज दबून तो थर सुमारे ६६ सेंटीमीटर जाडीचा राहिला आहे. जुन वांग, हर्मन फेफरकॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन जागी मिळून सुमारे १००० चौरस मीटर क्षेत्रातली झाडे त्यांच्या मूळ जागांसह नोंदवली होती. खाली वृक्षनेच्यांचे दाट आच्छादन होते आणि त्यातून सिगिलॅरिया आणि कॉर्डाइटीस ही २५ मीटर किंवा त्याहूनही उंच झाडे वर डोकावत होती. नोगेराथिएलीस हा आज पूर्णपणे नामशेष झालेला आणि पूर्वी तुटक पानांवरूनच ठाऊक असलेला गटही तिथे होता. त्याची जवळजवळ पूर्ण झाडे, पाने आणि बीजाणू धारण करणारे शंकू एकमेकांना जोडलेल्या अवस्थेत मिळाले.

या शोधाचे मोल पुढच्या कामात दिसते. वेगवेगळ्या ठिकाणी सापडणाऱ्या सुट्या पानाला, सुट्या खोडाला आणि सुट्या बीजाला पुराजीवशास्त्रात स्वतंत्र नावे दिली जातात, कारण ती एकाच वनस्पतीची आहेत याचा पुरावा नसतो. वूडासारख्या ठिकाणी तो पुरावा मिळतो आणि जुन्या याद्या दुरुस्त होतात.

लाकडाचा दगड नेमका कसा होतो, आणि त्याला लाखो वर्षे लागतात का?

ज्वालामुखीच्या राखेत काचेचे सूक्ष्म कण असतात. भूजलात ते सहज विरघळतात आणि पाण्यात सिलिका भरपूर मिसळते. हे पाणी गाडल्या गेलेल्या लाकडात मुरते, सिलिका पेशींच्या भिंतींना चिकटते, मग पेशींच्या पोकळ्या भरतात आणि शेवटी लाकडाच्या आकाराचा गारगोटीसारखा कठीण दगड उरतो. राख एकाच वेळी जंगलाला झाकते आणि त्याला दगड करणारे द्रव्यही पुरवते, म्हणूनच अश्मीभूत जंगले ज्वालामुखी प्रदेशांत इतकी आढळतात. ग्रीसच्या लेस्बोस बेटावरचे सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीचे जंगल याच प्रक्रियेने टिकले.

सुरुवातीचा टप्पा आश्चर्य वाटावे इतका जलद असू शकतो. जपानमधल्या तातेयामा ज्वालामुखीजवळच्या सिलिकायुक्त उष्ण तळ्यात ठेवलेल्या लाकडाच्या तुकड्यांमध्ये सात वर्षांत सुमारे ४० टक्क्यांपर्यंत सिलिका जमल्याची नोंद आहे. पुढे त्या सिलिकेचे ओपलमधून स्फटिकी क्वार्ट्झमध्ये रूपांतर होण्यास मात्र फार मोठा काळ लागतो.

खोड उभे सापडले म्हणजे ते झाड तिथेच वाढले, असे समजावे का?

नाही, आणि हा धडा शास्त्रज्ञांनाही सावकाश मिळाला. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात स्पेसिमेन रिज नावाच्या डोंगरकड्यावर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीची उभी खोडे एकावर एक अनेक पातळ्यांवर दिसतात. एकोणिसाव्या शतकापासून त्यांचा अर्थ असा लावला जात होता की एक जंगल गाडले गेले, त्यावर माती तयार झाली, दुसरे जंगल वाढले, तेही गाडले गेले, आणि असे कितीतरी वेळा घडले.

१८ मे १९८० रोजी अमेरिकेतल्याच माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा चिखललोटांनी काही बुंधे मुळांसकट उपटून, तसेच उभे, कित्येक किलोमीटर दूर नेऊन ठेवल्याचे प्रत्यक्ष पाहायला मिळाले. जवळच्या स्पिरिट सरोवरात तरंगणारे काही ओंडकेही मुळांकडचा जड भाग खाली करून उभेच तळाशी गेले. त्याच सुमारास भूशास्त्रज्ञ विल्यम फ्रिट्झ यांनी यलोस्टोनच्या खोडांविषयी हीच शंका मांडली आणि मोठा वाद झाला. आज असे मानले जाते की तिथली काही झाडे जागेवरची आहेत आणि काही वाहून आलेली आहेत.

फरक ओळखण्यासाठी मुळांकडे पाहावे लागते. जागेवर वाढलेल्या झाडाची बारीक मुळे प्राचीन मातीच्या थरात दूरवर शिरलेली असतात आणि त्या मातीत पाचोळा असतो. वाहून आलेल्या बुंध्याची मुळे आखूड तुटलेली असतात, त्यांच्याखाली मातीचा विकसित थर नसतो आणि आजूबाजूला गोटे आणि वाळू यांची सरमिसळ असते.

झाडांवरून त्या काळचे हवामान कसे कळते?

एकाच पुराव्यावर भिस्त ठेवून नव्हे, तर अनेक स्वतंत्र पुरावे एकमेकांशी पडताळून.

लाकडातली वाढवलये हा पहिला पुरावा. कडक हिवाळा किंवा दीर्घ कोरडा ऋतू असलेल्या प्रदेशात झाडाची वाढ दरवर्षी थांबते आणि वलय स्पष्ट उमटते. वर्षभर ओलावा आणि ऊब असलेल्या प्रदेशात वलये अस्पष्ट असतात किंवा नसतातच. आपल्या सह्याद्रीत सागवानाला पावसाळा आणि कोरडा काळ यांमुळे नीट वलये पडतात, तर त्याच डोंगरातल्या अनेक सदाहरित झाडांना ती ओळखू येतील अशी पडत नाहीत. वलय दिसले म्हणजे थंडी होती, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरा पुरावा पानांच्या कडांचा. बेली आणि सिनॉट या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९१५ साली दाखवून दिले की उष्ण प्रदेशातल्या द्विदल वृक्षांमध्ये अखंड कडेच्या पानांच्या जातींचे प्रमाण जास्त असते आणि थंड प्रदेशात दातेरी कडांचे. आंबा, जांभूळ, फणस, वड, करंज यांची पाने आठवून पाहावीत. कडुनिंबासारखी दातेरी झाडे आपल्याकडेही आहेतच, पण इथे एका झाडाला महत्त्व नसून सगळ्या जातींमधले प्रमाण पाहायचे असते. पानांचा आकार आणि पिंपळाच्या पानासारखे लांब निमुळते टोक यांवरून पावसाविषयीही काही सांगता येते. वूडासारख्या अतिप्राचीन जंगलांना मात्र ही पद्धत लागू पडत नाही, कारण तेव्हा सपुष्प वनस्पती अस्तित्वातच नव्हत्या.

तिसरा पुरावा पर्णरंध्रांचा, म्हणजे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांचा. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की अनेक जातींची झाडे पानांवर कमी रंध्रे तयार करतात, हे इअन वुडवर्ड यांनी १९८७ साली जुन्या वनस्पतिसंग्रहांतली वाळलेली पाने तपासून दाखवले. पानाची मेणचट त्वचा राखेत टिकली असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली रंध्रे मोजून त्या काळच्या हवेचा अंदाज करता येतो.

याखेरीज झाडांखालची प्राचीन माती असते. तिच्यातल्या चुनखडीच्या गाठी ऋतुमानानुसार येणाऱ्या कोरडेपणाकडे बोट दाखवतात, तर पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, जाड थर कायम साचलेल्या पाण्याकडे. लाकूड एक सांगत असेल आणि माती दुसरेच, तर अभ्यासकाने थांबून दोन्हींची फेरतपासणी करावी लागते.

या जंगलांचे वय कसे ठरवतात?

या बाबतीत राखेसारखा चांगला साक्षीदार नाही. राखेत झिरकॉन नावाच्या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांत अडकलेल्या युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे होत जाते, आणि दोहोंच्या प्रमाणावरून स्फटिकाचे वय निघते. जंगल मेले तो क्षण आणि राख पडली तो क्षण जवळपास एकच असल्यामुळे राखेचे वय हेच जंगलाच्या मृत्यूचे वय ठरते. बहुतेक जीवाश्मांना ही सोय नसते.

अलीकडच्या जंगलांबाबत अचूकता थक्क करणारी आहे. चीन आणि उत्तर कोरिया यांच्या सीमेवरच्या छांगबाईशान ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या लार्च वृक्षात इ. स. ७७५ चे वलय किरणोत्सारी कार्बनच्या अचानक वाढलेल्या प्रमाणावरून ओळखता आले. तिथून सालीपर्यंतची वलये मोजल्यावर तो उद्रेक इ. स. ९४६ च्या अखेरच्या महिन्यांतला असल्याचे निश्चित झाले. न्यूझीलंडमधल्या टाउपोच्या सुमारे इ. स. २३२ मधल्या उद्रेकाने गाडलेल्या पुरेओराच्या जंगलातून तर ऋतूही कळला. झाडांचे शेवटचे अपुरे वलय आणि जमिनीवर पडलेली फळे आणि बिया यांवरून तो तिथला उन्हाळ्याचा शेवट किंवा शरदाची सुरुवात होती.

खोडाचा खालचा तुकडाच मिळाला तर झाडाची उंची कशी सांगतात?

आजच्या झाडांमध्ये बुंध्याची जाडी आणि उंची यांचे जे नाते आढळते, त्यावरून. मात्र वृक्षनेच्याचे खोड मुळांच्या आवरणामुळे जाड दिसते आणि शंकुधारी वृक्षाचे भरीव लाकडामुळे, म्हणून प्रत्येक गटासाठी वेगळे गणित वापरावे लागते.

मग आपल्या दख्खनच्या लाव्हाखाली अशी जंगले आहेत का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. दख्खनचे उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे असून त्यांतला मुख्य भाग दहा लाख वर्षांपेक्षा कमी काळात झाला. पण हे उद्रेक सलग नव्हते. एक लाव्हा थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंत कधी हजारो वर्षांची उसंत मिळे. त्या काळात खडक झिजून माती होई, तळी साचत, झाडे वाढत. घाटरस्त्यांच्या कापात दोन काळ्या थरांमध्ये जो तांबडा पट्टा दिसतो, तो अशा उसंतीतल्या झिजेचा आणि काही ठिकाणी बारीक राखेचाही असतो. तळ्यांमध्ये साचलेल्या थरांना इंटरट्रॅपियन थर म्हणतात आणि वनस्पतींचे जीवाश्म मुख्यतः त्यांतच मिळतात.

नागपूर परिसरातल्या अशा थरांचा अभ्यास स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी १८५० च्या दशकात केला. पुढे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलान इथल्या कठीण चर्ट खडकातून ताडवर्गीय खोडे, फुले, फळे आणि ॲझोलासारख्या पाण्यावरच्या नेच्यांचे अवशेष उजेडात आणले. तिथे निपा ताडाचे फळही मिळाले. हा ताड आज सुंदरबनासारख्या खाऱ्या पाण्याच्या चिखलात वाढतो. छिंदवाडा आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे, त्यामुळे त्या काळी खाडीचे पाणी नर्मदेच्या खोऱ्यातून किती आत येत होते यावर अजूनही चर्चा चालू आहे. ठाण्याच्या खाडीकाठची खारफुटी रोज पाहणाऱ्यांना एका फळाच्या साक्षीचे वजन चटकन समजेल.

तरीही इंटरट्रॅपियन थर आणि वूडा यांना एकाच मापाने मोजू नये. दख्खनमधली बरीच वनस्पती तळ्यात पडून, हळूहळू साचून टिकली आहे. राखेने एका दिवसात झाकलेले अख्खे जंगल तिथे सहसा मिळत नाही. म्हणून दख्खनच्या बाबतीत कोणत्या वनस्पती होत्या हे चांगले ठाऊक आहे, पण त्या एकमेकींच्या संदर्भात कशा उभ्या होत्या हे फार कमी ठाऊक आहे.

ठाणे आणि मुंबईच्या बाजूला काही मिळाले आहे का?

वरळीच्या इंटरट्रॅपियन थरांतून छोट्या बेडकांचे सांगाडे मिळाले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन केले. तिथून कासव आणि वनस्पतींचे अवशेषही नोंदवले गेले. त्यावरून तिथे गोड्या पाण्याची उथळ तळी होती असे दिसते. पनवेलजवळ लाव्हाचे थर वाकून पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे झुकतात. ही रचना पनवेल फ्लेक्शर म्हणून ओळखली जाते. मुंबईतले खडक दख्खनच्या उद्रेकमालिकेच्या अखेरच्या काळातले आहेत आणि त्यांत राखेपासून बनलेले टफही आहेत.

डोंगरात लाकडासारखा दिसणारा दगड सापडला. तो जीवाश्म आहे का?

आपल्या भागात बहुतेक वेळा तो जीवाश्म नसतो. तीन गोष्टी लोकांना सर्वाधिक फसवतात. पहिली म्हणजे लाव्हा थंड होऊन आकसताना पडणारे बहुकोनी खांब. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर ते सुमारे ६० मीटर उंच आहेत आणि लांबून ओळीने उभ्या खोडांसारखे दिसतात. दुसरी म्हणजे खडकाच्या भेगेवर मँगनीजच्या ऑक्साइडने काढलेली नेच्यासारखी काळी नक्षी, जिला डेंड्राइट म्हणतात. ती निव्वळ खनिजाची वाढ आहे. तिसरी म्हणजे लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झालेली झिओलाइट आणि अकीक ही खनिजे, ज्यांचे पट्टे वलयांसारखे भासतात. खऱ्या अश्मीभूत लाकडात भिंगाखाली पेशींच्या उभ्या ओळी दिसतात. त्या दिसत नसतील तर केवळ आकारावर विश्वास ठेवू नये.

येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते आणि तिथून काहीही उचलणे कायद्याला धरून नाही. इतरत्रही दगड जागेवरून हलवू नये. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून छायाचित्र घ्यावे, ठिकाण आणि वरचा-खालचा थर टिपून ठेवावा आणि महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला दाखवावे. टेबलावर आणून ठेवलेल्या सुंदर तुकड्यापेक्षा अशी नोंद अभ्यासकाला कितीतरी उपयोगी पडते.

राखेखालच्या जंगलावरून काढलेले चित्र कितपत विश्वासार्ह असते?

त्या जागेपुरते आणि त्या क्षणापुरते ते फार विश्वासार्ह असते; अडचण येते ती त्याचा विस्तार करताना. ज्वालामुखीजवळच्या जंगलाला वारंवार धक्के बसलेले असतात, त्यामुळे तिथे लवकर वाढणाऱ्या जाती प्रमाणाबाहेर असू शकतात. दलदलीचे जंगल टिकण्याची शक्यता कोरड्या टेकडीवरच्या जंगलापेक्षा जास्त असते. म्हणून एका जंगलावरून सगळ्या खंडाचे हवामान सांगणाऱ्या बातम्या सावधपणे वाचाव्यात. जर्मनीतल्या केमनित्स शहरात राखेखाली सापडलेल्या २९ कोटी १० लाख वर्षांपूर्वीच्या जंगलाच्या वलयांत सुमारे १०.६ वर्षांचे आवर्तन मिळाले आणि २०१७ साली ते सूर्यावरच्या डागांच्या चक्राशी जोडले गेले. निरीक्षण मोलाचे आहे, पण माझ्या दृष्टीने त्याच काळातल्या दुसऱ्या जंगलातून तेच आवर्तन मिळेपर्यंत तो निष्कर्ष अंतिम धरू नये.

शाळेतल्या विद्यार्थ्यांना यातले काही करून पाहता येईल का?

पानांच्या कडांची पद्धत जरूर करून पाहावी. उद्यानाबाहेरच्या रस्त्याकडेला किंवा टेकडीच्या पायथ्याशी गळून पडलेली द्विदल झाडांची पाने गोळा करावीत. ताड, बांबू आणि गवते वगळावीत. संयुक्त पान असेल तर पर्णिकेची कडा पाहावी. किमान वीस-पंचवीस जाती हव्यात. अखंड कडेच्या जातींचा वाटा दशांशात काढून त्याला ३०.६ ने गुणावे आणि १.१४ मिळवावेत, जे येईल तो वार्षिक सरासरी तापमानाचा अंदाज. उदाहरणार्थ २४ पैकी २० जाती अखंड कडेच्या असतील, तर उत्तर सुमारे २६.६ अंश सेल्सिअस येते. हे सूत्र पूर्व आशियातल्या जंगलांवरून बसवलेले आहे, त्यामुळे दोन-तीन अंशांचा फरक पडणे साहजिक आहे. गणना दोनदा करावी. पहिल्यांदा गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष यांसारखी बाहेरून आणून लावलेली झाडे धरून, आणि दुसऱ्यांदा ती वगळून. दोन्ही उत्तरे ठाण्याच्या नोंदलेल्या सरासरी तापमानाशी ताडून पाहिली, की जाती निवडताना केलेली छोटीशी चूकही निष्कर्षाला कुठे नेते, हे विद्यार्थ्यांना आकड्यांतच दिसेल.